बसते, पण जुळते का?

परळी-बीड रस्त्यावर सिरसाळा नावाचे मोठे गाव आहे. ऊसतोडणीच्या हंगामात या गावच्या रस्त्याकडेला तासभर उभे राहिलात, तर जुन्या वाहनांचे प्रदर्शनच पाहिल्यासारखे वाटेल. ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, माणसांनी भरलेल्या डिझेल जीपगाड्या, मालवाहू टेम्पो, ट्रक! यांतील कित्येक वाहने अशी असतात, की कारखान्यातून येताना त्यांच्यावर असलेला अल्टरनेटर केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा अल्टरनेटर फिरत असतो.

अल्टरनेटर म्हणजे गाडीचे छोटेसे वीजकेंद्र. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, दिव्यांना वीज पुरवतो आणि बॅटरी भरून ठेवतो. तो बंद पडला, की बॅटरी उतरते, दिवे मंदावतात आणि सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी येते.

अशी अदलाबदल करू नये, असे मी सांगणार नाही. ज्या गाडीचे उत्पादनच बंद झाले आहे, तिचा मालक नवा भाग कोठून आणणार? भंगारातील चांगला भाग पुन्हा कामाला लावणे ही शहाणपणाची गोष्ट आहे. परंतु एखादा भाग जागेवर बसणे वेगळे आणि तो गाडीशी जुळणे वेगळे. हा फरक मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो आमच्या जिवावर बेतणार होता.

हातभर अंतर

आमच्या मेहुण्यांची एक जुनी डिझेल जीप होती. ऐन हंगामात तिचा अल्टरनेटर जळाला. नवा मागवायचा तर आठ दिवस गाडी उभी राहणार. म्हणून ती रस्त्याकडेच्या एका गॅरेजात नेली. मी बरोबर होतोच. मिस्त्री वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांनी भंगाराच्या ढिगातून एका ट्रॅक्टरचा अल्टरनेटर काढला, ब्रॅकेटवर धरून पाहिला आणि म्हणाले, "बसतंय की सर! दोन वायसर टाकले की झालं."

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. गप्प कसा बसणार? विचारले, "मामा, बारा व्होल्टचाच आहे ना? आणि अँपियर किती?" त्यांनी फडक्याने पट्टी पुसून दाखवली. व्होल्ट बारा होते, अँपियरही पुरेसे होते. मी समाधानाने मान डोलावली.

जळालेल्या अल्टरनेटरच्या पाठीला डबीसारखा एक भाग होता. त्याला एक जाड रबरी नळी आणि तेलाच्या दोन बारीक नळ्या जोडलेल्या होत्या. नव्याला तशी डबी नव्हती. "ह्याला नळीची जागाच नाही बघा," असे म्हणून मिस्त्रींनी जाड नळीच्या तोंडात एक बोल्ट घातला आणि वरून तार आवळली. तेलाच्या नळ्यांचीही तोंडे बंद केली. मी हे सारे पाहिले. विचारले मात्र काहीच नाही.

गाडी सुरू झाली, चार्जिंगचा तांबडा दिवा विझला, हेडलाइट लख्ख पेटले. सर्वांना आनंद झाला. गाव मागे पडले आणि एका वळणावर समोर उसाची ट्रॉली आली. मेहुण्यांनी ब्रेक दाबला, तर पायाखाली दगड असावा तसे पेडल कडक! त्यांनी दोन्ही पायांनी जोर लावला, गिअर उतरवला, आणि गाडी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. मागच्या बाकावर तीन मुले होती.

आम्ही बदलला होता अल्टरनेटर. मग ब्रेकला काय झाले?

पाठीवरची डबी

ती डबी म्हणजे निर्वात पंप होता. तो काय करतो हे समजण्यासाठी ब्रेककडे पाहिले पाहिजे. चालकाच्या पायाचा जोर जड गाडी थांबवायला अपुरा पडतो. म्हणून पेडल आणि ब्रेकचे तेल दाबणारा दट्ट्या यांच्यामध्ये एक मोठी पत्र्याची पेटी असते. तिच्या मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या पुढच्या बाजूची हवा सतत काढून टाकलेली असते. पेडल दाबले, की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे रेटतो.

हा रेटा किती असेल? आपणच गणित करू. समजा पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर झाले. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. पुढच्या बाजूची हवा सत्तर टक्के काढलेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक ०.७ किलोग्रॅम राहील. ३१४ ला ०.७ ने गुणा. उत्तर सुमारे २२० किलोग्रॅम! दोन क्विंटलांहून अधिक वजनाचा हा अदृश्य मदतनीस आम्ही एका बोल्टने आणि वितभर तारेने हाकलून दिला होता.

येथे कोणी विचारील, की पेट्रोल गाडीला असा पंप सहसा का नसतो? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. चालकाने पाय उचलला, की ती मिटते. इंजिन मात्र हवा ओढतच राहते. त्यामुळे झडपेपलीकडे आपोआपच कमी दाब तयार होतो आणि ब्रेकची नळी तेथे जोडता येते. आपल्याकडील जुन्या डिझेल इंजिनांत वेग कमी-जास्त करतात तो डिझेल कमी-जास्त सोडून. हवेची वाट मोकळीच असते. म्हणून तेथे हवा काढण्यासाठी वेगळा पंप लागतो. अल्टरनेटर नाहीतरी फिरतच असतो, तेव्हा अनेक डिझेल जीपगाड्यांत आणि हलक्या मालवाहू गाड्यांत हा पंप त्याच्याच आसावर बसवलेला असतो. तेलाच्या नळ्या असतात त्या पंपाला वंगण पुरवण्यासाठी. ट्रॅक्टरच्या ब्रेकला अशा हवेची मदत नसते, म्हणून त्याच्या अल्टरनेटरला पंपही नसतो.

चूक कोणाची? मिस्त्रींनी जागा पाहिली. मी आकडे पाहिले. जुना भाग एकूण कोणकोणती कामे करीत होता, हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. मिस्त्रींना पुस्तकी ज्ञान नव्हते म्हणून ते चुकले, असे म्हणावे, तर मला ते होते, आणि तरीही मी चुकलो.

पुस्तकातले जनित्र आणि गाडीतले जनित्र

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत जनित्राची आकृती तुम्ही काढली असेल. दोन चुंबकध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे फिरते, त्याच्या टोकांना कडी असतात आणि कड्यांवर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. मायकेल फॅरडे याने १८३१ साली विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हिप्पोलीट पिक्सी याने त्या तत्त्वावर हाताने फिरवायचे जनित्र बनवले. तुमची आकृती त्याच घराण्यातली आहे.

आता गाडीतला अल्टरनेटर उघडून पाहा. सारे उलटे दिसेल! येथे फिरतो तो चुंबक, आणि ज्या वेटोळ्यांत वीज तयार होते ती बाहेरच्या कवचात स्थिर बसलेली असतात. निसर्गाला मात्र दोन्ही सारखेच. वेटोळे फिरले काय किंवा चुंबक फिरला काय, वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे झाले.

मग हा उलटेपणा कशासाठी? पूर्वीच्या अँबॅसडर, फियाट यांसारख्या मोटारींत डायनॅमो असे. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होई, आणि सगळा प्रवाह कार्बन ब्रशांतून बाहेर काढावा लागे. हे प्रमाण साधारण २० अँपियरच्या आसपास असे. ठिणग्या पडत, ब्रश झिजत. शिवाय इंजिन संथ चालत असताना डायनॅमो बॅटरी भरू शकत नसे, आणि बॅटरीतील वीज उलटी त्याच्यात वाहू नये म्हणून मध्ये 'कटआउट' बसवावा लागे.

अल्टरनेटरमध्ये ब्रशांतून जातो तो फक्त फिरत्या चुंबकाला जागवणारा थोडासा, दोन-चार अँपियरांचा प्रवाह. मोठा प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून थेट बाहेर येतो. तो प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा असतो. बॅटरीला तर एकदिश, म्हणजेच दिष्ट प्रवाह हवा. हे काम सिलिकॉनचे सहा डायोड करतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून वेगळ्या कटआउटची गरजही राहत नाही. सिलिकॉन डायोड स्वस्त आणि दणकट झाल्यावरच अल्टरनेटर सामान्य मोटारीत आला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट मोटारीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला आणि मग जगभर डायनॅमो मागे पडत गेला.

एक गंमत सांगतो. आपल्या सायकलच्या दिव्याच्या बाटलीला आपण 'डायनॅमो' म्हणतो ना? तिच्यात चुंबक फिरतो आणि वेटोळे स्थिर असते. म्हणजे खरे पाहता तो अल्टरनेटरच आहे!

अदलाबदलीपूर्वीचे सहा प्रश्न

एका गाडीचा अल्टरनेटर दुसरीला लावताना, किंवा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना, कोणते प्रश्न विचारावेत? माझ्या मते सहा.

पहिला प्रश्न: विद्युत् दाब किती? मोटारी, जीपगाड्या आणि ट्रॅक्टर बहुधा १२ व्होल्टचे असतात. मोठ्या ट्रकांत व बसगाड्यांत २४ व्होल्टही आढळतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात, आणि ती भरण्यासाठी सुमारे १४ व्होल्ट लागतात. २४ व्होल्टचा अल्टरनेटर तिला लावला, तर त्याचा नियंत्रक दाब २८ व्होल्टांपर्यंत चढवू पाहतो. दिव्याचा रोध तोच धरला, तर दुप्पट दाबाला चौपट शक्ती खर्च होते आणि दिवा जळतो. बॅटरी 'उकळते', म्हणजे तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. या मिश्रणाला एक ठिणगी पुरते.

दुसरा प्रश्न: सांगाड्याला बॅटरीचे कोणते टोक जोडले आहे? आज ते ऋण असते. परंतु ब्रिटिश बनावटीच्या कित्येक जुन्या मोटारींत व ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीला आजचा अल्टरनेटर तसाच लावला, तर बॅटरी उलटी जोडल्यासारखे होते. एरवी वीज अडवणारे डायोड तिला मोकळी वाट करून देतात, आणि इंजिन सुरू होण्यापूर्वीच ते जळून जातात.

तिसरा प्रश्न: प्रवाह किती, आणि तारा किती जाड? येथे एक गैरसमज दूर करतो. '६० अँपियरचा अल्टरनेटर लावला, तर जुने दिवे जळतील' असे काही जण म्हणतात. तसे होत नाही. दाब योग्य असेल, तर दिवा त्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो. विहिरीत पाणी पुष्कळ आहे म्हणून घागर फुटत नाही! धोका असतो तो तारेला. बॅटरी पार उतरलेली आहे, हेडलाइट लावलेले आहेत, अशा वेळी अल्टरनेटर खरोखरच ६० अँपियर देऊ लागतो. डायनॅमोच्या काळातली तार आणि डॅशबोर्डावरचा अँपियरमीटर मात्र २० अँपियरच्या हिशेबाने बसवलेले असतात. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम तुम्ही शिकला आहात. प्रवाह तिप्पट झाला, तर उष्णता नऊपट! कित्येक गाड्यांच्या डॅशबोर्डामागून धूर येतो तो या नऊपटीचा.

चौथा प्रश्न: फेरे किती? इंजिनाची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची आणि अल्टरनेटरची ७.५ सेंटिमीटरची असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे दोन फेरे होतात. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे सहसा जात नाही. पेट्रोल मोटारीचे पाच हजारांपर्यंत जाते. म्हणून मोटारीचा अल्टरनेटर मोठ्या पुलीसकट ट्रॅक्टरला लावला, तर संथ चालीत तो जागाच होणार नाही. उलट संथ इंजिनासाठी लहान पुली लावलेला अल्टरनेटर वेगवान इंजिनावर बसवला, तर तो भलताच फिरेल. मिनिटाला १२,००० फेरे झाले आणि चुंबकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर असली, तर त्याच्या कडेला असलेल्या एक ग्रॅम तारेला जागेवर धरून ठेवायला सुमारे ८ किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. सूत्र तुम्हाला ठाऊक आहे, पडताळून पाहा.

पाचवा प्रश्न: नियंत्रक कोठे आहे आणि तांबडा दिवा कसा जोडला आहे? काही अल्टरनेटरांत दाबाचा नियंत्रक पोटातच असतो, काहींत तो बाहेर असतो. बाहेरचा नियंत्रक असलेला अल्टरनेटर आणून त्याच्या फील्डच्या तारेला सरळ बॅटरी जोडली, तर दाबावर लगामच राहत नाही. तांबडा दिवाही नुसता शोभेचा नसतो. कित्येक गाड्यांत चावी फिरवताच त्या दिव्यातून जाणारा थोडा प्रवाह फिरत्या चुंबकाला प्रथम जागवतो. एवढासा दिवा जळाला, तरी धडधाकट अल्टरनेटर वीज देईनासा होतो, आणि लोक अल्टरनेटरच बदलून टाकतात!

सहावा प्रश्न, जो आम्ही विचारला नाही: जुना भाग आणखी कोणते काम करीत होता? त्याच्या पाठीला पंप होता का? पंप असल्यास तेलाच्या नळ्या कोठे जातात? त्याचाच पट्टा पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवतो का? तसे असेल आणि दोन वायसरांनी पुली तिरकी झाली, तर पट्टा तुटेल, पाणी फिरायचे थांबेल आणि इंजिन तापून बसेल.

या सहा प्रश्नांना पैसा लागत नाही. लागतात ती दहा मिनिटे. उत्तरे मिळाल्यावर आणखी एक करावे. काय बदलले, किती व्होल्ट, किती अँपियर आणि कोणती तारीख, हे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावे. पुढच्या मिस्त्रीला तेवढेच पुरे.

परळीत कसे करतात?

सिरसाळ्याच्या तालुक्याचे गाव परळी वैजनाथ. तेथील औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासूनचे. तेथील जुने संच आता इतिहासजमा झाले; नवे संच प्रत्येकी २५० मेगावॉटचे आहेत. त्यांत वीज तयार करणारे यंत्र म्हणजेही अल्टरनेटरच. फिरणारा चुंबक आणि बाहेर स्थिर वेटोळी. जीपच्या अल्टरनेटरात चुंबकाला बहुधा बारा ध्रुव असतात, म्हणजे एका फेऱ्यात सहा आवर्तने. परळीच्या अल्टरनेटरला दोनच ध्रुव, म्हणजे एका फेऱ्यात एक आवर्तन. तो मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते ती यामुळेच.

हा अल्टरनेटर देशभराच्या वीजजाळ्याला जोडताना तेथील अभियंते काय करतात? जोडणारा स्विच बसतो आहे एवढ्यावर ते थांबत नाहीत. दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का? वारंवारता सारखी आहे का? तीन तारांचा क्रम तोच आहे का? आणि दोन्हीकडच्या लाटा त्या क्षणी एकमेकींशी जुळल्या आहेत का? या चारही प्रश्नांची उत्तरे उपकरणांवर पाहिल्यावरच स्विच मिटतो. चुकीच्या क्षणी मिटला, तर अवाढव्य यंत्राच्या आसालाही जबर हिसका बसतो.

तेथे जोडणीपूर्वीचे प्रश्न नियम म्हणून ठरलेले असतात. गॅरेजात ते मिस्त्रींच्या अनुभवावर सोडलेले असतात. विज्ञान दोन्हीकडे एकच आहे. मग सवय दोन्हीकडे एक का असू नये?

शाळांना एक विनंती

जनित्राची आकृती अचूक काढणारा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात गावोगाव सापडेल. पण घरच्या ट्रॅक्टरचा दिवा का मंदावला, हे त्याला सांगता येत नाही, कारण आकृतीतले जनित्र आणि ट्रॅक्टरवरचे जनित्र एकच आहे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. दुसरीकडे मिस्त्रींच्या हाताखाली शिकणारा त्याच्याच वयाचा मुलगा अल्टरनेटर झटपट सोडतो, पण तारेची जाडी का बदलायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एकाला वस्तू मिळत नाही, दुसऱ्याला कारण मिळत नाही.

यावर माझी सूचना साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने प्रयोगशाळेत एक भंगारातला अल्टरनेटर ठेवावा. कवचाचे बोल्ट सोडून तो उघडावा, आणि पुढील प्रयोग विद्यार्थ्यांच्या हातून करवून घ्यावेत.

फिरत्या भागाच्या दोन कड्यांना टॉर्चचे दोन सेल एकसरीत थोडा वेळ जोडा. त्याच्या नख्यांभोवती होकायंत्र फिरवा. सुई प्रत्येक नखीला उलटेल. ध्रुव किती ते मोजा. मग अल्टरनेटर पुन्हा जोडून, सेल न लावता तो हाताने फिरवा, सहज फिरेल. आता वेटोळ्यांच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडा, सेल लावा आणि पुन्हा फिरवा. तो जड झालेला हाताला जाणवेल. लेंझचा नियम पाठ करण्याऐवजी हाताने अनुभवता येतो तो असा. एकेक डायोड सोडवून त्याच्यातून सेलने टॉर्चचा बल्ब पेटवून पाहा. टोके उलटी केली की बल्ब विझेल. मात्र चालू इंजिनावर, फिरत्या पट्ट्याजवळ यांतला कोणताही प्रयोग करू नये.

आणि ज्या दिवशी हे प्रयोग असतील, त्या दिवशी गावातील मिस्त्रींना वर्गात बोलवावे. पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून. बेअरिंग गेल्याचा आवाज ते कानाने ओळखतात, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून सांगतात. हे ज्ञान आमच्या पुस्तकांत नाही. शिक्षकांनी त्यांना प्रश्न विचारावेत आणि विद्यार्थ्यांनी दोघांनाही विचारावेत.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम एवढा मोठा, त्यात हे कोठे बसवायचे? मी म्हणेन, अभ्यासक्रमातील प्रवर्तन, लेंझचा नियम, जूलचा नियम, वर्तुळाकार गती आणि वातावरणाचा दाब हे सारे त्या एका भंगाराच्या डब्यात आधीच बसलेले आहे.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून आणि ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कित्येकांचा प्रवास रात्रीचा असतो. ट्रॉलीत मुले झोपलेली असतात. ट्रॉलीमागचा तांबडा दिवा मागून येणाऱ्या ट्रकला दिसणे न दिसणे हे पुष्कळदा पुढच्या अल्टरनेटरवर अवलंबून असते. तो मूळचा आहे की दुसऱ्या गाडीचा, याला महत्त्व नाही. बसवताना कोणी सहा प्रश्न विचारले होते की नाही, याला आहे.

आमच्या जीपचे पुढे काय झाले? दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच मिस्त्रींकडे गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. जळालेल्या अल्टरनेटरची डबी आम्ही दोघांनी मिळून उघडली. आत फिरती पाती होती. पंप धडधाकट होता. जळाली होती ती वेटोळी. मिस्त्रींनी ती नव्याने भरून घेतली आणि जुना अल्टरनेटर पंपासकट पुन्हा जागेवर बसवला. इंजिन चालू करून मेहुण्यांनी ब्रेक दाबून पाहिला. पेडल मऊ लागले. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर भंगाराच्या ढिगात परत टाकताना मिस्त्री हसत म्हणाले, "सर, तुम्ही व्होल्ट इचारले, मी बोल्ट बघितले. नळीला कुणीच इचारलं नाही."